गाडीचं डोकं टेबलावर की गाडीवर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही रक्तदाबासाठी आणली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज आकडा लिहा, गोळ्या लिहा, काही वेगळं वाटलं तर तेही लिहा. आकडा लिहून झाला तरी पान कोरंच राहतं, आणि कोरं पान वाया घालवायला माझा जीव होत नाही. म्हणून बाकीचं लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नये.

रक्तदाब ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आलाय. हाताला पकड नाही, बोलणं एकेक शब्दाने येतं. वॉकर आणला तर तो दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून कोपऱ्यात पडलाय आणि त्यावर टॉवेल वाळतात. बाईंनी सांगितलंय, कुणीतरी धरल्याशिवाय चालायचं नाही. धरायला मी एकटी. मी कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत नेते आणि हे म्हणतात, "सोड... बसतो."

मी मोटरी भरते. पंखा, पंप, मिक्सर, जळलं ते आणा, जुनी तार उपसून नवी भरून देते. वडिलांच्या हाताखाली शिकले. घराच्या मागच्या दारातून बोळ निघतो, मधे एक वळण, पुढे दुकान. शंभरएक पावलं. दुकान बंद ठेवून चालत नाही, आणि ह्यांना एकटं ठेवलं की जीव टांगणीला.

काल वन्संचा फोन. ह्यांची मोठी बहीण. "महिनाअखेरपर्यंत बघ. दिवसाचा एकटा राहू शकला तर ठीक, नाहीतर मी घेऊन जाते माझ्याकडे. तूही ये हवं तर आठ-पंधरा दिवस." त्यांचं गाव म्हणजे बसने अख्खा दिवस. मी म्हटलं, बघू. माझ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं नाही. आणि मला कशाला बोलावतात? भांडी घासायला असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेक रजा काढून आलीय. आल्यापासून बापलेक जमिनीवर पसारा मांडून बसलेत. म्हणजे लेक जमिनीवर, हे खुर्चीत. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी चाकांची यंत्रं बनवायचे. एक भिंतीला आपटून वळायचं, एक टॉर्च दाखवला की मागे यायचं. मी म्हणायचे, ह्यापेक्षा नळ गळतोय तो बघा.

आता म्हणे पाणी आणणारी गाडी. खाली लाकडी फळी, गाड्यांच्या काचा पुसायच्या दोन मोटरी, एक बॅटरी. जमिनीवर काळी पट्टी चिकटवायची, कॅमेऱ्याने पट्टी बघत गाडी चालणार. खुर्ची, स्वयंपाकघर, मागचं दार. प्रत्येक जागेला एक आकडा, तो ह्यांनी डाव्या हाताने दाबायचा.

आता भांडण गाडीच्या डोक्यावरून. हे म्हणतात, डोकं गाडीवरच. लेकीने हाताच्या पंजाएवढा एक उघडा कॉम्प्युटर आणलाय, तो फळीवर बसवायचा. लेक म्हणते, तिचा जुना लॅपटॉप टेबलावर ठेवू, तो हवेतून हुकूम सोडेल. गाडी हलकी राहील आणि काही बिघडलं तर तिला तिकडून बघता येईल.

"पण बाबा, घराबाहेर गेली की हुकूम पोचणार नाहीत."

"म्हणून... गाडीवर."

"अहो, घराबाहेर कशाला जायचंय तिला? बाजार करून आणणारे का?" मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग छोटा बसवून बघितला. मोटरीने झटका घेतला की छोटा बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सहा वेळा. लेक म्हणाली, कमजोर आहे वाटतं, जाऊ दे, लॅपटॉपच ठेवू. ह्यांनी रागाने तोंड फिरवलं.

सुरू होताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. बॅटरी मान टाकते, आणि तिच्यावरचं नाजूक जे काही असेल ते विझतं. ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारा. मी भाजी चिरत होते. काही बोलले नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

लेक गेली. लॅपटॉप टेबलावर. त्याच्यावर मी माझी जुनी ओढणी टाकलीय, धूळ नको.

लेकीने जाताना गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्या फोनमध्ये घालून दिलं. गाडीपुढची जमीन दिसते, आणि खाली लाल गोल. तो दाबला की गाडी जिथे असेल तिथे गप्प. म्हणाली, "आई, हे अगदीच गरज पडली तर."

आता मी दुकानात बसून घर बघू शकते. लिहिण्यासारखं सुख आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज अकरा वाजता गाडी स्वयंपाकघराकडे. पाणी खुर्चीजवळ भरलेलं ठेवून आले होते, मग कशाला? तर परत येताना वेग कमी. ओझं आहे. मी ओळखलं. बिस्किटांचा डबा! शेजारीण ओट्यावर कपडे वाळत घालते, तिला खिडकीतून हाक मारून ठेवायला लावला असणार. साखर बंद म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. दाबला लाल गोल.

जेवायला घरी आले तर गाडी मधेच उभी, वर डबा, आणि हे चार हात लांब खुर्चीत बसून डब्याकडे बघतायत.

"दिसतं मला सगळं," मी म्हटलं.

"पोलीस," हे म्हणाले. अडखळले नाहीत अजिबात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी कागदावर डाव्या हाताने चित्र काढून दिलं. गाडीला उभा दांडा हवा, कमरेएवढा, वर आडवी मूठ. कशाला? "वाकायला... नको." बरोबर आहे, बाटली घ्यायला वाकायला लागतं. पंख्याच्या जुन्या नळ्या होत्या, दोन उभ्या ठोकल्या, एक आडवी.

मग म्हणे खाली वजन हवं, हलते. जळक्या मोटरींचे दोन लोखंडी गाभे बांधून दिले. आता गाडी म्हशीसारखी चालते. पाण्याच्या दोन बाटल्यांसाठी एवढा खटाटोप. पण ह्यांनी मान हलवली, म्हणजे झकास झालंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रक्तदाब चांगला. भूक वाढलीय, दोन दिवस एकेक पोळी जास्त मागितली. रात्री घोरतात. गाडीचा गुण म्हणायचा तर म्हणा, मन रमतं.

एक कळत नाही. दिवसभर बसून असलेल्या माणसाची उजवी चप्पल पुढून झिजते कशी? नवी घेतलेली. हल्ली माल काय देतील नेम नाही.

आज गाडी सकाळभर नुसती खुर्ची ते दार, दार ते खुर्ची. काही आणत नाही, नेत नाही. खेळत बसतात. बॅटरी उगाच संपते. उद्यापासून लक्ष ठेवायला हवं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज आकडा राहिला.

साडेअकराला फोन बघितला. गाडी दाराकडे निघालेली, रिकामीच असणार. पुढच्या खेपेला पाणी लागलं आणि बॅटरीच संपली तर? मी लाल गोल दाबला आणि पंपाची मोटर घेऊन बसले. गिऱ्हाईक ताटकळत होतं. फोन पुन्हा बघितला नाही.

एक वाजता घरी गेले तर हे दाराजवळ जमिनीवर. कुशीवर पडलेले. भुवई फुटलेली, रक्त वाळलेलं. दीड तास! गाडी अगदी अंगाला लागून उभी. शेजारणीला बोलावून दोघींनी उचललं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, तीन टाके.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. "उठायची काय गरज होती? गाडी थांबली तर थांबू दे! एक तास तहान मारता येत नाही?"

"पाय... घसरला."

"पाय घसरला! मी मेले होते का?"

गाडी मधेच थांबलेली बघून तिला आणायला उठले असणार, दुसरं काय. लहान मुलासारखा हट्टीपणा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीने आत्याला सांगितलं. वन्सं मिळेल त्या बसने हजर. बॅग खाली ठेवायच्या आधी भावाची भुवई बघितली, मग मला नखशिखांत बघितलं.

"तू किती बारीक झालीस गं."

म्हणजे घर सांभाळता येत नाही, असं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "काम करणारी माणसं बारीकच असतात."

"सोमवारी, दोन तारखेला घेऊन जाते त्याला. तिकीट काढते." हे भिंतीकडे तोंड करून पडले. मी पाण्याची बादली उचलून बाहेर गेले. बादली रिकामी होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

बसवेना. वन्सं ओट्यावर, हे पलंगावर, मी मधे पिंजऱ्यातल्यासारखी. गाडी बुधवारपासून जळकट वास मारत होती. म्हटलं, निदान हे तरी आपल्या हातातलं. डाव्या बाजूची मोटर काढून दुकानात नेली आणि खोलली.

आतले कार्बनचे ठोकळे झिजून संपलेले. नवे घातले होते, तीन आठवडेही नाही झाले. तारेवरचं वार्निश काळं पडलेलं. मी टेबलावर मोटर घेऊन बसून राहिले. माणूस खोटं बोलेल, मोटर नाही बोलत. पंप घेऊन येतात आणि सांगतात, ताई, पंधरा मिनिटंच चालवला. मी खोलून सांगते, रात्रभर चालवलाय आणि विहिरीत पाणीही नव्हतं.

ह्या मोटरीने दोन बाटल्या नाही ओढल्या. हिने माणूस ओढलाय. एका बाजूने भार टाकलेला माणूस, रोज, तासन्‌तास.

मग सगळं एकामागोमाग डोक्यात आपटायला लागलं. कमरेएवढी मूठ. खालचं वजन. जास्तीची पोळी. झिजलेली चप्पल. आणि बुधवारी साडेअकरा.

शटर तसंच टाकून घरी गेले. वन्सं भावाला सूप भरवत होत्या. मी दारातूनच विचारलं, "कधीपासून चालताय?"

वन्संचा चमचा तिथेच थांबला. "कोण चालतंय?"

हे म्हणाले, "तू... दुकानात... गेलीस की."

"मला का नाही सांगितलं?"

बराच वेळ लागला त्यांना. शब्द येत नव्हता की यायला नको होता, माहीत नाही.

"तू... धरलं असतंस."

वन्सं उठून आत गेल्या.

मी म्हटलं, "बुधवारी गाडी मी बंद केली. फोनवरून. तुम्ही मूठ धरून चालत होता आणि मी बंद केली."

"माहितेय."

"मग तेव्हा का नाही बोललात? मी एवढी तोंड सोडून बोलले!"

"टाके... मला... पडले होते," हे म्हणाले. "तुला... कशाला."

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुकान उघडलं नाही. उजाडल्यापासून घरात चकरा मारत होते, शेवटी लेकीला फोन लावला.

"तू ठेवून गेलीस तो छोटा कॉम्प्युटर कमजोर नाही. त्याला वेगळी बॅटरी हवी. मोटरीची वेगळी, डोक्याची वेगळी. मोटरीच्या टोकांना कपॅसिटर लावते, ठिणग्यांचा त्रास होणार नाही. चालेल तो, मग गाडी बोळातही जाईल."

ती म्हणाली, "आई, हे तुला कधी सुचलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

मी काय सांगणार? टेबलावर डोकं असलं की गाडी घरात राहते, गाडी घरात राहिली की हे घरात राहतात, आणि हे घरात असले की मला ठाऊक असतं कुठे आहेत. चार महिन्यांपूर्वी हे लिफ्टच्या खड्ड्याजवळ एकटे पडलेले सापडले होते. कुणाला किती वेळ माहीत नव्हतं. एवढं लांबलचक फोनवर बोलता येत नाही मला. मी म्हटलं, "भाजी चिरत होते."

ती हसली की रडली कळलं नाही. मग विचारलं, "लाल बटण तुझ्या फोनवर ठेवायचं का? बोळात चालणार नाही, पण घरात चालेल."

कढईत तेल तापलं होतं. मी गॅस बंद केला.

"नको. मुठीवर बसवू. त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली."

२५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही मोटरी नव्याने भरल्या, जरा जाड तार घेऊन. अशी सुबक भरणी वर्षभरात कुठल्या गिऱ्हाइकाला दिली नसेल. छोटं डोकं फळीवर बसलं, त्याला वरून डब्याचं झाकण. लेकीने फोनवरून सांगितलं, मी बटणं दाबली, वन्संनी वाचून दाखवलं. एका वाक्यावर तर आम्ही दोघी अर्धा तास भांडलो. पण गाडी उठली. मोटरीने झटका घेतला आणि डोकं विझलं नाही.

हे वन्संना म्हणाले, "दुकानापर्यंत... एकटा. रविवारी."

"आणि नाही आलास तर?"

"तर... तुझी... बस."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ह्या जिंकल्या. पण त्यांचाच चेहरा उतरलेला होता. म्हाताऱ्या माणसांचं काही कळत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोळात टेप चिकटत नाही, म्हणून काळा रंग आणला. मी आणि वन्सं गुडघ्यांवर. त्या पुढे दोरी धरून, मी मागे ब्रश घेऊन. वळणावर त्यांनी दोरी वाकडी धरली. मी म्हटलं, वन्सं, सरळ धरा. त्या म्हणाल्या, वळण सरळ कसं धरू, तूच धरून दाखव. मग मला हसू आलं आणि रंग सांडला. किती दिवसांनी हसले आठवत नाही. वन्सं म्हणाल्या, "संध्याकाळी तू जरा झोप, पोळ्या मी करते." मी म्हटलं, माझ्या पोळ्यांना काय झालंय? तरी पाठ टेकली, आणि उठले ती सकाळीच.

घरात दारापर्यंत ह्यांची दहा-बारा खेपांची रोजची सवय चालू. मी बघत नाही. आवाज ऐकते.

१ मार्च, रविवार

दहाला निघायचं ठरलं. मी आणि वन्सं दुकानात जाऊन बसलो. सुट्टीचा दिवस म्हणून शटर अर्धंच उघडलेलं. मी एका मोटरीचं आर्मेचर हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. फोनवर चित्र येत नाही, बोळात येणारच नव्हतं.

मग आवाज आला. माझ्या हाताने भरलेल्या मोटरी आहेत, हजारांत ओळखीन. संथ, दमदार. मी मनात मागोमाग चालत होते, शेजारणीचं दार, पाण्याची टाकी, मोडकी सायकल.

वळणाशी आवाज बंद.

वन्सं उठल्या. "पडला!"

"बसा."

"अगं पडला असेल तो!"

"पडले तर आवाज येईल. बसा, वन्सं." मी त्यांचा दंड धरला. त्यांच्यापेक्षा माझेच पाय जास्त ओढत होते. तेवढ्यात काय काय डोळ्यांपुढून गेलं ते लिहायची ताकद नाही. डॉक्टर, टाके, लिफ्टचा खड्डा. मी वन्संचा दंड इतका आवळला की त्या "मेले गं" म्हणाल्या. तरी मी उठले नाही. आजवर अवघड मोटरी पुष्कळ भरल्या, पण ह्याएवढं जड काम केलं नाही.

पुन्हा घुर्र झालं. जवळ येत गेलं. शटरखालून आधी गाडीची चाकं दिसली, मग दोन पाय. डावा पाय टाकत होते, उजवा घासत होता.

वन्सं पदराने डोळे पुसायला लागल्या. बाहेरून आवाज आला,

"शटर... वर घे. आत... कसा येऊ?"

वर घेतलं. घामाने निथळत होते. स्टुलावर बसवलं, म्हणजे त्यांचे तेच बसले. "वळणावर का थांबलात?" मी विचारलं. जरा जास्तच जोरात विचारलं गेलं.

"दम... लागला. बटण... दाबलं."

वन्सं दुपारच्या बसने गेल्या, एकट्या. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "खरं तर तुला न्यायला आले होते मी. त्याचं निमित्त." मी म्हटलं, काहीतरीच तुमचं. बस गेल्यावर बराच वेळ थांब्यावर उभी होते. अजून नीट कळलेलं नाही मला ते.

पण त्याआधी, दुकानातून घरी परत जायचं होतं ना, तेव्हाही हे एकटे जाणार म्हणाले. मी म्हटलं, जा, मला काम आहे. वन्सं आवराआवर करत होत्या. हे वीसेक पावलं पुढे गेले असतील. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता मागे निघाले. भिंतीला धरून, चोरासारखी. ह्यांनी एकदाही मान वळवली नाही. वळणावर गाडी थांबवली, दम घेतला, आणि समोर बघतच म्हणाले,

"चपला... घाल पायात. इथे... काचा आहेत."